हजारात एकाचा फरक

न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे राहायला आल्यापासून मला एक नवीनच काम लागलं आहे. मंडळाच्या हळदीकुंकवाला, कुणाच्या बारशाला, अगदी ओक ट्री रोडवर मेथीची जुडी निवडत असताना सुद्धा कुणीतरी हातातली बांगडी काढून माझ्यापुढे धरतं. "काकू, बघा ना, बावीस कॅरेट म्हणून दिली आहे. आहे का खरंच?"

मी बांगडी घेते, उलटसुलट करते आणि सांगते की नुसतं बघून मला काही कळत नाही. समोरची बाई नाराज होते. सोन्याच्या रिफायनरीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला एवढंही कळू नये? मग मी खरं काय ते सांगते : कळेल, पण त्यासाठी बांगडीचा तुकडा कापून वितळवावा लागेल. त्यावर बांगडी पटकन मनगटात परत जाते.

आमच्या शेजारी नागपूरचा अमोल राहतो. जर्सी सिटीला एका बँकेच्या आयटीत आहे. तो दर रविवारी विचारतो, "काकू, सोनं अजून वर जाणार का? आत्ता घेऊ की वेट करू?" त्यालाही माझं उत्तर ठरलेलं आहे. भावातलं मला ओ की ठो कळत नाही. मला फक्त कस कळतो, आणि त्यातही एकदा मी जबरदस्त चुकले होते. मंडळाच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी "तुमच्या त्या कामाबद्दल लिहा" म्हटल्यावर मी आधी गमतीजमतीच लिहिणार होते. पण लिहायला बसले तर पेन त्या चुकीकडेच वळतंय. तेव्हा दोन्ही लिहिते.

कोल्हापूरला केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून, लग्न होऊन, मी युटात आले. नवरा विश्वास तिथे हायवेच्या पुलांची तपासणी करायचा. मला वर्षभर काम नव्हतं. मग एका रिफायनरीत लॅब असिस्टंटची जागा निघाली. मला वाटलं तेलाची रिफायनरी असणार. इंटरव्ह्यूला गेले तेव्हा कळलं की इथे सोनं शुद्ध करतात.

पहिल्याच दिवशी दारावरच्या गार्डनं माझ्या अंगावरचं सगळं सोनं उतरवून ठेवायला लावलं. बाहेर पडताना मेटल डिटेक्टर, आणि त्यात साधी केसाची पिन सुद्धा ओरडायची. मंगळसूत्र, पाटल्या, कानातलं, सगळं घरी. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांना हे काही केल्या पटेना. सोन्याच्या कारखान्यात नोकरी आणि सुनेचा गळा रिकामा. त्यांनी दोन महिने मला काळा दोरा बांधून पाठवलं. गार्डही रोज तो दोरा पाहून, मान डोलावून, आत सोडायचा.

आतल्या जगाचे कायदेही निराळे. कपडे कारखान्याचे, बूट कारखान्याचे, धुलाई तिथेच, आणि धुतलेलं पाणी गटारात जात नसे. टाकीत साठवून त्याचा गाळ काढत. झाडू झिजला, हातमोजे फाटले, जमिनीवरचं मॅट जुनं झालं, की सगळं एका भट्टीत जाळायचं आणि राख वितळवायची. त्या राखेत दर वर्षी न चुकता सोनं सापडायचं. मुग्धा, माझी मुलगी, शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची, "माय मॉम्स ऑफिस बर्न्स देअर ब्रूम्स." मैत्रिणींना वाटायचं हिची आई चेटकीण आहे.

आता सोनं येतं कुठून ते सांगते. आपल्या डोळ्यांपुढे नदीच्या वाळूतले चकाकणारे कण असतात. ते दिवस कधीच गेले. शेजारच्या नेवाडात डोंगरच्या डोंगर उघडे करतात. तिथला एकेक डंपर दुमजली घराएवढा. तो काठोकाठ भरून दगड घ्या, त्यातून निघणारं सोनं तळहातावर मावेल, आणि दगडात ते डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून दगड फोडून त्याचे ढीग रचतात आणि त्यावर सायनाइडचं सौम्य पाणी सोडतात, तेही अगदी आपल्या तासगावच्या द्राक्षबागांसारखं, नळ्या पसरून, थेंब थेंब. पाणी झिरपताना सोनं विरघळवून घेऊन खाली येतं. मग ते कोळशावर पकडायचं, तिथून सोडवायचं, आणि शेवटी टाकणखार घालून मुशीत वितळवून विटा ओतायच्या. सायनाइड म्हटलं की लोक दचकतात, आणि दचकायलाच हवं. एका तोळ्यामागे केवढा डोंगर उकरला जातो ते ज्यानं पाहिलंय, त्याला दागिन्यांच्या दुकानात थोडं गप्प व्हायला होतं. मला तरी होतं.

खाणीतून आमच्याकडे येते ती वीट कच्ची. सोनं, चांदी, थोडं तांबं, आणि काय काय. ती वितळवून तिच्यातून क्लोरीन वायू सोडला, की चांदी-तांबं क्लोरीनशी जुळून वर तरंगतं आणि सोनं खाली शांत बसून राहतं. त्याहून शुद्ध हवं असेल तर विजेच्या टाकीत घालायचं. दोन्ही रीती जुन्याच आहेत. आमच्या प्लँटमधल्या कित्येक माणसांचे आजोबाही हेच करत होते.

पण हे सगळं करण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. विटेत सोनं किती? तो प्रश्न सोडवणं हे माझं काम.

गंमत अशी की इतकी यंत्रं आली तरी या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर अजून आगच देते. विटेचा छोटा तुकडा घ्यायचा, तंतोतंत तोलायचा, थोडी चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा आणि हाडांच्या राखेच्या बुटक्या वाटीत ठेवून भट्टीत सरकवायचा. शिसं वितळतं, तांबं वगैरे हलक्या धातूंना सोबत घेऊन त्या वाटीत मुरतं, आणि वर उरतो सोन्याचांदीचा एक मणी. मणी ठोकून पातळ करायचा, नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळवायची. उरलं ते सोनं. तोला आणि सांगा. हजार भागांत किती भाग सोनं, हे एवढंच.

यात एक गोम आहे. आगीत सोनंही किंचित हरवतं, वाटीत मुरतं. किती हरवलं हे कळावं म्हणून त्याच भट्टीत, त्याच वेळी, शुद्ध सोन्याचे आधीच तोललेले तुकडे ठेवतात. त्यांचं जेवढं घटलं, तेवढंच विटेच्या तुकड्याचंही घटलं असं धरून हिशेब करायचा. या तुकड्यांना मी मनातल्या मनात साक्षीदार म्हणत असे. साक्षीदार खरं बोलले तर उत्तर खरं.

आणि एवढ्यानंही भागत नाही, कारण खाण वेगळं मोजते आणि आम्ही वेगळं. दोघांनी आपापले आकडे एकाच वेळी एकमेकांना कळवायचे. तोवर बोलायचं नाही. आकडे जुळले तर मधला घ्यायचा, फार फरक पडला तर तिसऱ्या, पंच लॅबकडे जायचं. आमच्याकडे मी चाचणी करी आणि नेवाडातल्या एका लहानशा खाणीत वॉल्टर नावाचा गृहस्थ. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण अकरा वर्षं त्याचे आकडे माझ्या आकड्यांच्या इतके जवळ पडत, की नवीन कागद आला की मला ओळखीचं अक्षर पाहिल्यासारखं वाटे. तो कॉलेजात गेलेला नव्हता. बापाच्या हाताखाली शिकला होता, एवढंच मला माहीत.

मग एका वर्षी उन्हाळ्यात आमचं बिनसलं. माझा आकडा त्याच्यापेक्षा हजारात एकानं कमी आला. पुढच्या विटेला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्यालाही. हजारात एक हे ऐकायला काहीच नाही, पण आमच्या धंद्यात तेवढ्यावर माणसाची पत राहते किंवा जाते. नियमाप्रमाणे प्रकरण पंच लॅबकडे जायला हवं होतं. पण त्या खाणीत नवीन मॅनेजर आला होता. त्यानं विचार केला, एवढी मोठी रिफायनरी चुकेल कशाला? त्यानं आमचा आकडा मान्य केला आणि बोट वॉल्टरकडे वळवलं. एकतर म्हाताऱ्याला आता काम जमत नाही, नाहीतर भट्टीपासून तिजोरीपर्यंत कुठेतरी हात मारला जातोय. दोन्हीपैकी काय, ते त्यानं वॉल्टरलाच विचारलं.

हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. एका शुक्रवारी दुपारी लॅबमधला फोन वाजला. पलीकडे खरखरीत आवाज. तो वॉल्टर होता. इंग्रजीत बोलला ते मराठीत, माझ्या शब्दांत सांगते.

"सू, मी आकड्यावरून भांडायला फोन केलेला नाही. एकच विचारतो. तुझे साक्षीदार तू कुठल्या ओळीत ठेवतेस?"

सुनंदाचं तिथे सगळ्यांनी सू केलं होतं. मला इतका राग आला की कान तापले. एम.एस्सी. मी, वीसेक वर्षं हेच करणारी मी, आणि हा मला भट्टी शिकवतोय. मी म्हटलं, "जिथे ठेवायला हवेत तिथे," आणि फोन ठेवला.

शनिवार-रविवार मी घरात भांडी आपटत होते. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. साक्षीदार ठेवायला हवेत ते नमुन्यांच्या मधेमधे, पुढे-मागे मिसळून. आणि मी ते तसे ठेवत नव्हते.

झालं असं होतं, की त्या वसंतात माझा उजवा खांदा आखडला होता. हात खांद्याच्या वर जाईना. लांब चिमट्यानं धगधगत्या भट्टीत एकेक वाटी मधेमधे पेरायची म्हणजे जीव जायचा. म्हणून मी सोय करून घेतली. नमुने आधी, सरळ मागच्या ओळींत. साक्षीदार शेवटी, दाराजवळ, पहिल्या ओळीत. महिन्याभरात त्याची सवय झाली आणि सवयीचं आपल्याला काही वाटेनासं होतं. कुणाला खांद्याबद्दल सांगितलंही नाही. बायकांच्या हाताला जड काम झेपत नाही असं बोलायला तिथे दोघं टपलेलेच होते.

सोमवारी मी भट्टी रिकामी केली आणि प्रत्येक ओळीत फक्त साक्षीदार ठेवले. मंगळवारी पुन्हा तेच केलं. दोन्ही वेळा मागच्या ओळीतलं सोनं पुढच्यापेक्षा जास्त घटलं. त्या वसंतातच मागच्या बाजूची तापणारी कॉइल बदलली होती; मागे भट्टी जास्त तापत होती आणि दाराशी गार राहत होती. माझे साक्षीदार गारव्यात बसून सांगत होते की फारसं काही हरवत नाही. आणि मागे वॉल्टरचं सोनं वाटीत मुरत होतं.

हजारात एक. तंतोतंत.

आता लगेच उठून माझी बॉस डेना हिच्या खोलीत जायला हवं होतं. तिची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. मी गेले नाही. स्वतःला सांगितलं, आणखी एकदा करून बघू, घाई नको. बुधवारी दिवसभर मी तीच चाचणी तिसऱ्यांदा करत बसले. उत्तर मला माहीत होतं. मला फक्त ते आणखी एक दिवस माझ्यापाशी ठेवायचं होतं. माझी इभ्रत, दुसरं काय. बाकीच्या मोठ्या खाणींचं काम माझे दोन सहकारी दुसऱ्या भट्टीवर करत, ते बरोबरच होतं. माझ्याकडे लहान खाणी. वॉल्टरची सोडली तर त्यांच्यापैकी कुणाकडे स्वतःचा तपासनीस नव्हता. आम्ही सांगू तो आकडा त्या डोळे मिटून घेत. माझ्यासमोर उभा राहणारा वॉल्टर एकटाच होता, म्हणून तर हे उघडकीला आलं.

बुधवारी संध्याकाळी विश्वासनं विचारलं, काय झालंय. मी सगळं सांगितलं. त्यानं ताटातली पोळी मोडता मोडता ऐकलं आणि विचारलं, "खात्री कधी झाली?"

"काल."

"मला पुलाला भेग दिसली, तर मी ट्रॅफिक कधी थांबवायची?"

तो एवढंच बोलला आणि आमटी घेतली.

गुरुवारी सकाळी मी डेनाला सांगितलं. खांदा, पहिली ओळ, वॉल्टरचा फोन, सगळं. ती चिडली नाही. तिनं तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाली, "तुला मंगळवारपासून माहीत होतं?" मी हो म्हटलं. तिनं तेही लिहिलं. माझ्यासमोरच तिनं खाणीला फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकताना तिचा चेहरा बदलला. फोन ठेवून ती म्हणाली, "वॉल्टरनं काल दुपारी राजीनाम्यावर सही केली."

चौकशीला तोंड दे नाहीतर निवृत्त हो, असं त्याला सांगितलं होतं. मला फोन केल्यावर पाच दिवस तो थांबला होता. बहुतेक मी परत फोन करेन म्हणून.

पुढचे तीन आठवडे आम्ही जपून ठेवलेले सगळे जुने नमुने काढून पुन्हा तपासले. ज्या ज्या लहान खाणींना मी कमी आकडा दिला होता, त्या प्रत्येकीला दुरुस्तीचं पत्र गेलं, खाली माझी सही. माझ्या फाइलमध्ये ताकीद नोंदली गेली आणि डेनानं मला फिजिओथेरपीला पाठवलं. त्या मॅनेजरनं वॉल्टरला माफीचं पत्र लिहिलं, कामावर परत बोलावलं. वॉल्टर गेला नाही.

मी मात्र त्याला भेटायला दोन महिने लावले. कार्ड लिहिलं, फाडलं. शेवटी विश्वास म्हणाला, "मी ड्राइव्ह करतो, तू नुसती बस." सहा तास आम्ही त्या करड्या, झुडपाळ माळरानातून गेलो. गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, एक शाळा आणि वाऱ्यानं रंग उडालेली पन्नासेक घरं. वॉल्टर दारातच उभा होता. मनात मी आडव्या बांध्याचा, दाढीवाला माणूस रंगवला होता. हा उंच, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि कानाला श्रवणयंत्र लावलेला. त्यानं आम्हाला कॉफी दिली. विश्वासला त्याच्या अंगणातला चार फळ्यांचा लाकडी पूल दाखवला, पावसाळी ओढ्यावर त्यानं स्वतः बांधलेला. विश्वास तो तपासायला खाली उतरला आणि बराच वेळ वर आला नाही. त्यानं ते मुद्दाम केलं असावं.

मी पाठ करून आणलेलं सगळं बोलले. मंगळवारी मला माहीत होतं, हेही सांगितलं. वॉल्टर म्हणाला, त्याला ते कळलंय, डेनाच्या पत्रात तारखा होत्या. मग त्यानं विचारलं, "कुठला हात दुखत होता?"

मी चमकले. डेनाच्या पत्रात दुखण्याचा उल्लेख नव्हता. तो खाजगी मामला म्हणून तिनं वगळला होता. मी विचारलं, तुला कसं कळलं?

त्यानं कप खाली ठेवला.

"मी पंचेचाळीस वर्षांचा होतो, तेव्हा माझी पाठ धरली होती. वाकता येईना. मीही सगळे साक्षीदार पुढे ठेवायला लागलो. म्हणून तुझे आकडे बघून पहिला प्रश्न तोच सुचला."

"मग? तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ती खाण दुसरी होती. समोरचा तपासनीस आळशी होता, माझ्याच आकड्याच्या आसपास आकडा लिहून पाठवायचा. दोन वर्षांनी माझं मलाच कळलं. मी ओळी बदलल्या आणि गप्प बसलो." तो खिडकीबाहेर बघत होता. "तू दोन दिवसांचं ओझं घेऊन सहा तास आलीस. माझी दोन वर्षं आहेत, आणि ती खाण बंद होऊन जमाना झाला. मी कुणाच्या घरी जाऊ?"

त्याच्या म्हणण्यानं माझं ओझं हलकं झालं असं मी म्हणणार नाही. त्याची नोकरी गेली ती माझ्या दोन दिवसांत गेली, आणि ते त्यालाही माहीत होतं, मलाही. पण एवढं खरं, की अकरा वर्षं ज्याचे फक्त आकडे पाहिले, तो माणूस त्या दिवशी मला दिसला. त्यानं ती गोष्ट बायकोलाही कधी सांगितली नव्हती, असं निघताना म्हणाला. गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा मी विचारलं की नवीन लोकांना शिकवताना मी माझी चूक सांगणार आहे, त्याची सांगितली तर चालेल का.

तो म्हणाला, "सांग. आडनावासकट सांग."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत लॅबमध्ये जो कुणी नवीन आला, त्याला मी पहिल्या दिवशी भट्टीसमोर उभं केलं आणि साक्षीदार मधेमधे का पेरायचे ते सांगितलं. पहिल्या ओळीची चूक दोघांनी केली, असं सांगून आधी माझं नाव घ्यायचे, मग त्याचं, आडनावासकट. आणि मग विचारायचे, आज तुझं काही दुखतंय का?